सहकार्याची संहिता : मानव्यविद्यांतील संगणकीय प्रकल्पांच्या प्रारंभाविषयी

१

मानव्यविद्यांच्या अभ्यासकाचे चित्र मनासमोर आणायचे म्हटले की एकटा माणूस दिसतो : पुढ्यात पोथी, बाजूला टिपणवही आणि लोटून घेतलेले दार. हे चित्र खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अनेकांनी मिळून करावयाच्या संगणकीय प्रकल्पांचा विचार सुरू होताच त्याचे अपुरेपण जाचू लागते. मराठीने आपली ज्ञानविषयक मोठी कामे बहुधा एकेका नावाच्या खुंटीला टांगून ठेवली आहेत. कोश म्हटला की मोल्सवर्थ, ज्ञानकोश म्हटला की केतकर, ऐतिहासिक साधने म्हटली की राजवाडे. वास्तविक मोल्सवर्थचा १८३१चा कोश कँडी बंधूंच्या साहाय्याने आणि शास्त्रीपंडितांच्या प्रदीर्घ शब्दसंग्रहाच्या आधाराने सिद्ध झाला. १८२९च्या ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ या ग्रंथामागे जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी पंडितांची मंडळी होती, हे आज कोशवाङ्मयाच्या अभ्यासकाखेरीज फारसे कोणाला आठवत नाही. केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी स्थापन केली, भागभांडवल जमवले, संपादकवर्ग उभा केला. तरी तेवीस खंडांच्या पाठीवर वाचकाच्या मनाने एकच नाव कोरले.

सहकार्य होते, त्याची नोंद ठेवण्याची रीत तेवढी रुजली नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पामुळे मोल्सवर्थचा कोश आता जगात कोठेही बसून चाळता येतो. शोधखिडकीत शब्द टाकणाऱ्याला प्रस्तावनेच्या दारातून आत यावे लागत नाही. ही सोय मोठीच आहे. तथापि पूर्वी निदान प्रस्तावनेत, आभाराच्या चार ओळींत, सहकाऱ्यांना जो आसरा मिळत असे तो या सोयीत सहज हरवू शकतो. म्हणून मराठी विभागात, ग्रंथालयात वा संशोधनसंस्थेत असा एखादा प्रकल्प आरंभण्याचे जेव्हा ठरते, तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचा नसतो. कोणाच्या वाचनाला वाचन म्हणायचे आणि त्याची नोंद कोठे ठेवायची, हा तो प्रश्न होय.

२

संगणकाच्या आधीच्या काळातले, परंतु आजच्या प्रकल्पांना पुष्कळ शिकवू शकेल असे एक उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १ एप्रिल १९१९ रोजी आरंभले आणि ते १९६६ साली पूर्णत्वास गेले. या सत्तेचाळीस वर्षांत १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली आणि एकोणीस खंड सिद्ध झाले. वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ साली प्रधान संपादकत्व स्वीकारले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि पुढे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते चालवले. संपादक बदलले, पण पद्धती टिकली. कारण ती कोणा एकाच्या डोक्यात राहिली नव्हती. ती कागदावर उतरली होती. पाठतुलनेच्या तक्त्यावर श्लोक मांडावा, त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातील भेद अक्षरशः नोंदवावा, हा क्रम पुण्यात जसा पाळला गेला तसाच शांतिनिकेतनात आणि तंजावरातही पाळला गेला. एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या शास्त्र्यांचे काम एका संहितेत मिळू शकले ते या शिस्तीमुळे.

या प्रकल्पाच्या आरंभकाळातील एक घटना विशेष लक्षणीय आहे. ना. बा. उत्गीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती प्रसिद्ध केली. ती विद्वानांपुढे ठेवावी, आक्षेप मागवावेत आणि त्यांच्या प्रकाशात पद्धती ठरवावी, हा तिचा हेतू. एवढ्या मोठ्या कार्याच्या प्रारंभी आपले अपक्व रूप जाणीवपूर्वक चव्हाट्यावर मांडणे ही साधी गोष्ट नव्हे. आजच्या प्रकल्पांचा ओढा नेमका उलट दिसतो. उद्घाटन थाटाने होते, मुखपृष्ठ सजते आणि चाचणीचा मजकूर मात्र आत दडवला जातो.

चिकित्सक आवृत्तीच्या पानावर आणखी एक खूण दिसते. जेथे संपादकाला पाठाची पुरती खात्री नाही, तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. ग्रंथसंपादनाच्या इतिहासात या रेघेइतकी प्रामाणिक खूण क्वचितच सापडेल. वाचकाला ती सांगते : येथे निवड केली आहे, आणि ती चुकीची असू शकेल. पुढे १९९०च्या दशकात क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी हा अवाढव्य ग्रंथ संगणकात उतरवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून, सुधारून अभ्यासकांच्या हाती दिला. त्यामुळे महाभारतातील एखादा शब्द कोठे कोठे आला आहे, हे पाहण्यास जेथे महिने लागत तेथे आता क्षण पुरतो. या उपकाराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कोणत्याही छापील ग्रंथाची केवळ अक्षरे उतरवून घेण्याचे ठरले, तर अक्षरांखालची रेघ अक्षर नसल्यामुळे खालीच राहते. वर येतो तो निःशंक झालेला पाठ. सत्तेचाळीस वर्षांच्या संशयाचे असे एका ठरावाने निरसन होऊ शकते, ही गोष्ट प्रकल्प आरंभणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. ठराव कोणता, तर ‘फक्त मजकूर घ्यावा’ एवढाच.

३

संगणकीय मानव्यविद्येचा उगम सांगताना इटलीतील जेझुइट पाद्री रॉबेर्तो बुसा यांचे नाव प्रथम घेतले जाते. संत थॉमस अक्वायनसच्या लेखनातील ‘सान्निध्य’ या संकल्पनेचा शोध घेताना बुसांच्या लक्षात आले की तो शोध एका क्षुल्लक वाटणाऱ्या शब्दयोगी अव्ययापाशी येऊन थांबतो. लॅटिनमधील ‘इन्’, म्हणजे आपला ‘आत’ वा सप्तमीचा प्रत्यय. त्यासाठी त्यांनी सुमारे १०,००० चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. पुढे १९४९ साली ते आयबीएमचे प्रमुख टॉमस वॉटसन यांना भेटले, आणि छिद्रपत्रांच्या यंत्रावर अक्वायनस आणि त्याच्याशी संबंधित लेखकांच्या एक कोटीहून अधिक शब्दांची सूची करण्याचे काम उभे राहिले. ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’चे छपन्न छापील खंड १९७०च्या दशकात बाहेर पडू लागले, नंतर ते तबकडीवर आले आणि २००५ साली जालावर.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहावयास हव्यात. पहिली अशी की प्रश्न यंत्राच्या आधी होता. एका अव्ययाने अस्वस्थ झालेला वाचक यंत्रापर्यंत गेला. यंत्र घेऊन कोणी प्रश्न धुंडाळीत निघाले नव्हते. दुसरी गोष्ट इतकी सुखद नाही. मिलानजवळच्या गालाराते या गावी छिद्रपत्रे पाडणाऱ्या मुली प्रशिक्षित केल्या जात. मजकूर उतरवण्याचे आणि तपासण्याचे बहुतेक काम त्यांनी केले. त्यांना लॅटिन यावे अशी अट नव्हती. ज्युलिअन नायहन आणि मेलिसा टेरास या विदुषींनी अलीकडच्या काळात जुनी छायाचित्रे आणि मुलाखती यांच्या साहाय्याने या स्त्रियांचे काम उजेडात आणले. तोवर छायाचित्रांत त्या यंत्रासमोर बसलेल्या दिसत होत्या, पण नावाने नव्हत्या. एका प्रचंड शब्दसूचीत ‘इन्’सारख्या अव्ययाचा प्रत्येक उल्लेख जागच्या जागी नोंदला गेला, सूची ज्यांच्या बोटांतून उतरली त्यांची सूची मात्र झाली नाही.

यावर एक शास्त्रीय आक्षेप घेता येईल आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पाठचिकित्सेचा विद्यार्थी जाणतो की अडाणी लेखनिकापेक्षा शहाणा लेखनिक अधिक घातक असतो. अडाणी लेखनिक दिसते ते उतरवतो. त्याची चूक ओळखू येते. शहाणा लेखनिक अर्थ लावतो, दुरुस्ती करतो, आणि त्याची चूक शुद्ध पाठाचा वेष घेऊन वावरते. तेव्हा मजकूर उतरवणाऱ्याला भाषा न येणे हाच गुण, असे का म्हणू नये? एकाच मजकुराच्या दोन स्वतंत्र प्रती दोघांकडून उतरवून घ्याव्यात आणि यंत्राने त्यांची तुलना करावी, या रीतीने अचूकता साधते हेही खरे आहे.

परंतु हा युक्तिवाद अर्धाच आहे. शहाण्या लेखनिकाचा दोष त्याच्या शहाणपणात नसून, ते शहाणपण त्याने पाठाच्या जागी घातले यात आहे. त्याला समासात लिहिण्याची मुभा असती, तर तोच लेखनिक सर्वांत मौलिक साक्षीदार ठरला असता. दिसले ते एका रकान्यात आणि वाटले ते दुसऱ्या रकान्यात : एवढी व्यवस्था केली की अज्ञानाची आवश्यकता उरत नाही. १९८७ साली आरंभलेल्या टीईआय या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने संहितेच्या अंकनासाठी जी नियमावली सिद्ध केली, तिच्यात अस्पष्ट अक्षर, संपादकाची पूर्ती, निश्चिततेची मात्रा आणि तो निर्णय कोणाचा, या सर्वांच्या नोंदीस जागा ठेवलेली आहे. सुकथनकरांच्या नागमोडी रेघेला संगणकात उतरण्याचा मार्ग आहे, इतकेच नव्हे तर रेघ कोणी ओढली हेही सांगण्याची सोय आहे. सोय वापरायची की नाही हे यंत्र ठरवत नाही. ते पहिल्या बैठकीत माणसांना ठरवावे लागते.

४

मराठीपुरते बोलायचे तर ही पहिली बैठक अक्षरापासूनच सुरू व्हावी लागते. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह निघाली. तरीही पुढील कैक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांच्या खासगी सांकेतिक रचनांत साठवला गेला. टंक बदलला की मजकुराचा गाळ होई. अशा रीतीने साठवलेले प्रबंध, सूची आणि मासिकांचे अंक आजही अनेक ठिकाणी दृष्टीस दिसूनही वाचता न येणारे असे पडून आहेत.

युनिकोड आल्यानेही सर्व प्रश्न मिटले असे नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील अर्थभेद एका रफारावर आणि एका चंद्रकोरीसारख्या रकारावर उभा आहे. हा मराठीचा खास रकार संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते भिन्न वाटतात. ‘ॲ’ या अक्षराला २००८ साली युनिकोडात स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधीचे लेखन ‘अ’ला वर चंद्र जोडून केलेले. म्हणजे एकाच प्रकल्पातील दोन सहकारी एकच शब्द दोन प्रकारे लिहितील, आणि पुढे शोध घेणाऱ्याला अर्धेच उल्लेख सापडतील. त्या अर्ध्या उल्लेखांवर कोणी शब्दवापराचा सिद्धान्त मांडील, आणि तो सिद्धान्त कळफलकाचा असेल, भाषेचा नसेल.

मोडीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मोडीला युनिकोडात २०१४ साली स्थान मिळाले. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही आणि शब्दाशब्दांत अंतर सोडण्याची चालही नाही. म्हणून मोडी कागद देवनागरीत उतरवताना प्रत्येक शब्दाची सीमा ही वाचकाने घेतलेली भूमिका असते. दप्तरातील एक पत्र दोन जाणकारांनी परस्परांपासून दूर बसून वाचावे आणि मग शेजारी शेजारी ठेवावे. जेथे वाचने जुळत नाहीत, तेथेच बहुधा त्या पत्राचा इतिहास दडलेला असतो. सहकार्याचा लाभ काम लवकर उरकण्यात आहे असे मानणाऱ्या योजनेत हा मतभेद अडथळा ठरतो. मतभेद जपून ठेवणे हेच सहकार्याचे फलित आहे असे मानणाऱ्या योजनेत तो मुख्य पुरावा ठरतो. या दोन योजनांची अंदाजपत्रकेही वेगळी होतात, कारण दुसरीत एकाच कागदाला दोनदा वेळ द्यावा लागतो.

५

मराठीतील अशा प्रकल्पांमध्ये जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे स्थान अनन्यसाधारण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातील डोंगरी भागातल्या गरिबांच्या संघटनेशी निगडित राहून हे काम सुरू केले. संघटनेतील स्त्रियांनी आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन ओव्या ऐकल्या, लिहून घेतल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. संगीत आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांचे जाणकार बर्नार बेल यांनी त्यांचा माहितीसाठा रचला, अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या. संग्रह मात्र थांबला नाही. २०१७पासून पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो लोकांपुढे आणण्यास आरंभ केला.

या संग्रहाकडे साहित्यसमीक्षकाने दोन कारणांसाठी पाहावे. लोकसाहित्याच्या जुन्या छापील संग्रहांत ओवी बहुधा निनावी असे. ‘लोकमानस’ या भारदस्त शब्दाआड एखाद्या गावची एखादी बाई दिसेनाशी होई. येथे ओवीपाशी गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. अमुक बाईने गायिलेल्या सर्व ओव्या एकत्र वाचता येऊ लागल्या की ‘परंपरा’ हा शब्द बदलतो. परंपरेतून निवड करणारी, तिला आपल्या दुःखाकडे वळवून घेणारी एक कर्ती व्यक्ती दिसू लागते. निनावीपण हा लोकसाहित्याचा गुणधर्म किती आणि संग्राहकाची सवय किती, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. तो तात्त्विक प्रश्न एका साध्या रकान्याने निर्माण केला.

दुसरे कारण अवघड आहे. गाणारीच्या माहितीत वय, व्यवसाय, मुलेबाळे यांच्यासोबत जातही नोंदलेली दिसते. जात नोंदवावी काय? नोंदवली तर ज्या चौकटीतून बाईने ओवीत सुटका शोधली, तीच चौकट तिच्या नावापुढे कायमची उभी राहते. नोंदवली नाही, तर भीमराव आंबेडकरांवरील ओव्या कोणत्या वस्तीत आणि कोणत्या अनुभवातून उगवल्या, हे झाकले जाते आणि ‘मराठी स्त्री’ नावाचे एक सर्वसामान्य, म्हणजे बहुधा वरच्या जातींचे, रूप त्या रिकाम्या जागेत येऊन बसते. रिकामा रकाना तटस्थ असतो हा समज समाजशास्त्राला जितका परवडत नाही, तितकाच समीक्षेलाही परवडत नाही. याचे उत्तर कोणत्याही आज्ञावलीत नाही. ज्यांच्याविषयी नोंद करायची त्यांना चर्चेत घेऊनच ते शोधावे लागते. आणि असे शोधणे शक्य झाले ते संग्रहाचा आरंभ विद्यापीठाच्या इमारतीत न होता संघटनेच्या बैठकीत झाला होता म्हणून. प्रकल्पाचा आरंभ कोठे झाला, हे त्याच्या रकान्यांत अखेरपर्यंत दिसत राहते.

ओवी जात्यावरून उतरून कागदावर आली, कागदावरून पडद्यावर आली, या प्रवासात काही गमावलेच. जात्याची घरघर, समोरासमोर बसलेल्या दोघींचा एकाच खुंट्यावरचा हात, एकीने सोडलेली ओळ दुसरीने उचलणे, हे मजकुरात येत नाही. ध्वनिमुद्रण त्यातले काही परत देते. गिरणीने जाते अडगळीत टाकल्यानंतर हा संग्रह झाला नसता, तर गमावण्याजोगेही काही उरले नसते, हेही तितकेच खरे.

६

आता संस्थेकडे वळणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत दोन लेखकांच्या प्रकाशनासाठी प्रत्येकाला सत्तर टक्के गुण आणि त्याहून अधिक लेखक असल्यास प्रमुखाला सत्तर व इतर प्रत्येकाला तीस टक्के गुण असे कोष्टक ठरले. संयुक्त लेखनाला ही मान्यता मिळाली ते ठीकच झाले. परंतु या कोष्टकाची भाषा लेखकाची आहे. ज्याने चारशे मोडी पत्रे उतरवली, जिने विसंगत शुद्धलेखनाची सूची केली, ज्याने तिघांचे मतभेद एका तक्त्यात मांडले, ते या भाषेत कोण आहेत? प्रमुख नाहीत, पुष्कळदा ‘इतर’ही नाहीत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून ‘टंकलेखन करून घेणे’ हा वाक्प्रयोग विभागांमध्ये सहजपणे वापरला जातो. त्या ‘करून घेणे’मध्ये गालारातेच्या छायाचित्रातले नाव नसलेले चेहरे पुन्हा दिसू लागतात. फरक एवढाच, की या विद्यार्थ्यांना भाषा येते. त्यांनी शंका विचारलेल्या असतात आणि त्या शंका कोठेही लिहिल्या गेलेल्या नसतात.

यात केवळ अन्याय आहे असे नव्हे, ज्ञानाचीही हानी आहे. अक्षर अक्षर उतरवणारा हा कोणत्याही संहितेचा सर्वांत संथ वाचक असतो, आणि संथ वाचकाला जे दिसते ते घाईच्या समीक्षकाला दिसत नाही. ‘अमुक शब्द येथे विचित्र वाटतो’ अशी एका विद्यार्थिनीची टीप प्रबंधाचे बीज ठरू शकते. ती टीप लिहायला जागा नसेल, तर बीज पडते ते फरशीवर.

म्हणून प्रारंभाची कसोटी लहान ठेवावी. उत्गीकरांनी अठरांपैकी एकच पर्व निवडले होते. एखाद्या विभागाने एका बखरीची दहा पाने, एका नियतकालिकाचे एक वर्ष, एका गावातील चार बायांच्या ओव्या घ्याव्यात. दोघांनी स्वतंत्रपणे उतरवून त्यांची तुलना करावी. अक्षर कसे लिहायचे, शंका कशी दाखवायची, नाव कोणाचे व कोणत्या क्रमाने यायचे, सहकारी सोडून गेला तर त्याच्या कामाचे काय करायचे, अनुदान संपल्यावर ही सामग्री कोणत्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करायची, आणि ज्यांच्या शब्दांवर हे सारे उभे आहे त्यांना त्यातून काय परत द्यायचे, हे एका पानावर लिहावे. त्या पानावर सर्वांच्या सह्या असाव्यात : प्राध्यापकाची, ग्रंथपालाची, तंत्रज्ञाची, विद्यार्थ्यांची, आणि गाणारी हयात असेल तर तिचीही, सही येत नसेल तर तिचा होकार तिच्याच आवाजात मुद्रित करावा.

यंत्रे काही वर्षांनी कालबाह्य होतील, टंक बदलतील, आज्ञावल्यांची नावे विस्मरणात जातील. पुढे कोणी अनोळखी अभ्यासक ही सामग्री उघडील, तेव्हा त्याला पाठाबरोबर त्याखालची नागमोडी रेघ दिसावी आणि ती कोणी ओढली हे वाचता यावे. तो त्या वाचनाशी सहमत होईल किंवा होणार नाही. परंतु कोणाशी असहमत व्हायचे आहे, हे त्याला नावानिशी ठाऊक असेल, आणि तेथून तो पुढचे काम सुरू करू शकेल.